बांद्याच्या वाटेवरचे दोन कॅमेरे

गाडीत कॅमेरा हवा, ही मागणी वडिलांचीच. मी सुचवलं असतं तर त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नसतं. तीस वर्षं आंब्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक देवगडहून मुंबईच्या बाजारात पोचवणारा हा माणूस. पेटीतला आंबा कधी दबला नाही आणि गाडीला कधी ओरखडा आला नाही, हे ते स्वतः सांगतात आणि गावही सांगतं. ट्रक सुटून बरीच वर्षं झाली होती, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षीही दर गुरुवारी ते आईला आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीत घालून जामसंड्याहून बांद्याला नेत. बांद्याला माझी मावशी अंथरुणाला खिळलेली. आई तिला न्हाऊ घालायची, तिचे केस विंचरायची, पेज भरवायची, आणि काळोख पडायच्या आत दोघं परत. बसने जायचं तर दोनदा गाडी बदलायची, आणि आईच्या गुडघ्यांना बसची पहिली पायरीच चढवत नाही. त्यामुळे या दोन बहिणींची भेट वडिलांच्या गाडी चालवण्यावर टिकून होती.

मग इन्सुलीजवळ ते झालं. पुढच्या गाडीला वडिलांची गाडी मागून टेकली. कोणाला लागलं नाही, दोन्ही गाड्यांना पोचे आले. पुढचे पर्यटक होते. वडिलांचं म्हणणं, त्यांनी विनाकारण ब्रेक मारला. त्यांचं म्हणणं, समोर म्हशी होत्या. चार माणसं जमली आणि त्यांतल्या कोणीतरी म्हटलं, "आजोबा, आता घरी बसा." पोचा निघाला, हे वाक्य काही निघालं नाही. घरी आल्यावर वडिलांनी मला फोन केला. "काचेर लावतत तो कॅमेरो माका होयो," ते म्हणाले. "फुडल्या टायमाक दाखवतलंय, चूक कोणाची ती."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि माहेरापासून दहा मिनिटांवर राहते. वस्तू विकत घेण्यापूर्वी ती तपासण्याचा मला नाद आहे. माझे यजमान म्हणतात की ही बांगडे घ्यायलाही फूटपट्टी घेऊन जाईल. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. मी दोन डॅश कॅम मागवले. दहा दिवसांत परत करण्याची सोय होती, म्हणजे एक ठेवायचा आणि एक पाठवून द्यायचा.

महागडा काळा, हाताच्या मुठीएवढा. त्याचं चित्र सुस्पष्ट, आणि आत बॅटरीऐवजी उन्हात न फुगणारा कपॅसिटर होता. मे महिन्यात आमच्याकडे बंद गाडीत काय होतं ते जो गाडीत एकदा चॉकलेट विसरलाय त्याला सांगायला नको, म्हणून मी त्याला त्याचे जादा गुण दिले. दुसरा स्वस्तातला. तो रबरी कपाने काचेला चिकटायचा आणि चिकटायचं विसरायचा. सकाळी लावला की दुपारी डॅशबोर्डवर पालथा. त्याचं चित्र फिकट होतं आणि समोरून ऊन आलं की सगळं पांढरंफटक. मी वहीत तक्ता केला: चित्र, नंबरप्लेट किती अंतरावरून वाचता येते, ऊन, चिकटणं, मोबाइलवर उतरवून घेणं. आवाज हा रकाना मी आखलाच नव्हता. डॅश कॅमला आवाज कशाला हवा, असं मला वाटलं.

खरी परीक्षा रस्त्यावर. बुधवारी संध्याकाळी मी दोन्ही कॅमेरे आरशाच्या दोन बाजूंना लावले आणि वडिलांना म्हटलं, उद्याची बांद्याची फेरी दोघांना एकदमच बघू दे. वडील खूश होते. "दोन दोन साक्षीदार," ते आईला म्हणाले. आईने दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आमचा बोलणापण घेतत?" मी म्हटलं, "नाय गो, रस्तो घेतत." मी हे खात्रीने सांगितलं. महागड्याचं मी तपासलं होतं, त्यात आवाज बंदच होता. स्वस्तातल्याचं माहितीपत्रक मी अर्धंच वाचलं होतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले. आधी महागडा लावला. जामसंड्यातून निघून शिरगाव, नांदगावचा तिठा, मग हायवेने कणकवली, कुडाळ. पुढच्या ट्रकवरचा नंबर लख्ख. आणि गाडी चालवणं तर काय सांगावं! वळणावर झोकांडी नाही, गतिरोधकावर धक्का नाही. शिरगावच्या पुढे डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई अचानक रस्त्यात आली, तर गाडी तिच्यापासून दोन हातांवर शांत उभी. मी वहीत लिहिलं, 'ब्रेक उत्तम.' मला अभिमान वाटला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असंही मनात आलं. या माणसाला कसला पुरावा हवाय?

तुलना पुरी करायची म्हणून स्वस्तातला लावला. चित्र अपेक्षेप्रमाणे वाईट. पण लॅपटॉपातून आईचा आवाज आला.

"तिठो इलो. उजव्याक घेवा."

"हां."

"फुडे टेम्पो आसा, हळू जाता. ऱ्हवा जरा. ... आता घेवा, मोकळा आसा. काल बांगडे बरे गावले, पण ताईक काटे काढून दिवक होये. ब्रेकर."

"हां."

"आणखी एक ब्रेकर. सायकल आसा, डावीकडे. गेली मागे. फुडली गाडी थांबता हा, थांबता हा, थांबली."

"हां."

मी सुरुवातीला हसले. आईची बडबड मला नवी नाही. त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसून मी कितीदा तरी गेले असेन, आणि एकदा तर मी तिला म्हटलंही होतं, "आई, जरा गप बस, तेंका चालवक दी." आता पंधरा मिनिटं ऐकल्यावर माझं हसू गेलं. बांगड्यांच्या, मावशीच्या, शेजाऱ्यांच्या नारळांच्या गोष्टींमध्ये ती एकही वाहन, एकही वळण, एकही खड्डा सोडत नव्हती. आणि प्रत्येक ब्रेक तिच्या शब्दानंतर लागत होता. एकदाही आधी नाही. मी मोळीवाल्या बाईचा भाग पुन्हा लावला. "थांबा! थांबा थांबा थांबा!" आणि मग गाडी थांबली. वहीतलं 'ब्रेक उत्तम' मी खोडलं. मला खूप भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. वडिलांनी पेपर वाचणं सोडून वर्ष झालं होतं. बातम्यांत आता काही अर्थ राहिला नाही, असं ते म्हणायचे आणि मी मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आंब्याच्या कलमांत गेले असताना मी माहेरी गेले. आई आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर पायरीवर ठेवला आणि लावला. तिने दोन वाक्यं ऐकली आणि खवणं थांबवलं.

"बंद कर ता," ती म्हणाली.

"कधीपासना, आई?"

"दोन पावसाळे झाले. डॉक्टरान सांगल्यान, डोळ्याचो मधलो पडदो झिजता हा. ऑपरेशनाचो उपेग नाय. कडेचा दिसता तेंका, मधला दिसणा नाय. मगे मधला मी बघतंय."

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की जणू घरातली कामं वाटून घेतलेली. मी विचारलं, इन्सुलीला मग काय झालं. तेव्हा मात्र तिने पदर तोंडाला लावला.

"माका डोळो लागलो गो. आदल्या राती गुडघो ठणकत होतो. दोन मिनटां लागलो असात. धक्को बसलो तेवा जाग इली. हे त्या लोकांवांगडा भांडत होते आणि मी गप ऱ्हवलंय. चूक माझी होती."

मी चिडले. तुझी चूक कशी, आणि गाडीत झोपलीस तरी कशी, म्हणून तिच्यावरच ओरडले. मोळीवाल्या बाईचं सांगितलं, तुम्ही दोघं मेला असता आणि कोणाला तरी मारलं असतं, असंही म्हटलं. माझा राग खरा होता, पण चुकीच्या माणसावर निघत होता हे मला बोलतानाच कळत होतं. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून रस्ता बघणाऱ्या बाईला मी दोन मिनिटांच्या झोपेचा जाब विचारत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मगे ताईक कोण न्हाणयतलो?"

तेवढ्यात वडील आले. पाय धुऊन वर चढले आणि माझ्या आवाजाच्या दिशेने बघून म्हणाले, "काय गो, खंयचो कॅमेरो बरो?"

मी काल घरी दोन-तीन वाक्यं तयार केली होती. शाळेत पालकांना सांगते तशी शुद्ध आणि सौम्य. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "बाबा, बसा. आयका." आणि लावून दिलं.

वडिलांनी खुर्ची ओढली आणि मान कलती करून ऐकू लागले. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर थोडी फुशारकीच होती. "ह्या काय नवीन? ड्रायव्हरक क्लीनर लागताच," ते म्हणाले. "माझो क्लीनर वीस वर्सां ओरडत होतो. 'येवंदे, येवंदे' करून. तेच्यान माझा ड्रायव्हिंग कमी झाला?"

"क्लीनर डावी बाजू सांगता, बाबा. पाठली सांगता. आई तुमका समोरचा सांगता."

लॅपटॉप चालूच होता. टेम्पो, सायकल, ब्रेकर, आणखी एक ब्रेकर. वडिलांनी हळूहळू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटतं, गाडी चालवताना त्यांना एखादाच शब्द ऐकू येत असावा, लागेल तेवढा. सलग त्यांनी तिचं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. "इतक्या बोलता ती?" त्यांनी मला विचारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मग शिरगावच्या पुढचं ते आलं. थांबा, थांबा थांबा थांबा. ब्रेकचा आवाज. त्यानंतर आईचा मोठा श्वास.

"हय काय होता?" वडील म्हणाले. "गोरू?"

"बाई होती. डोक्यार मोळी घेवन."

"किती लांब?"

"दोन हात."

"बाई?" त्यांनी परत विचारलं. मग दाराच्या दिशेने तोंड वळवून आईला म्हणाले, "तू बाई म्हणूक नाय माका."

"म्हणाक येळ खंय होतो?" आई म्हणाली.

वडिलांनी खिशातून किल्ली काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. तिथून ती खाली पडली. मी ती उचलून माझ्या पर्समध्ये घातली. आई रडत होती, पण आवाज न करता. मी म्हटलं, मावशीकडे मी नेईन. दर गुरुवारी शाळा सोडून जमणार नाही, महिन्यातून दोन रविवार जमतील. आईने मान हलवली. महिन्यातून दोनदा म्हणजे मावशीच्या केसांत मधल्या दिवसांत कोण फणी घालणार, हे तिने विचारलं नाही. तिने ते विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"दोनूय कॅमेरे परत कर," वडील म्हणाले.

"करतंय. घराकडे जावन करतंय."

"आता कर. माझ्यासमोर."

मी मोबाइल काढला. कॅमेरे परत करताना कारण निवडावं लागतं. पडद्यावर चार ओळी होत्या आणि त्या त्यांना दिसत नव्हत्या, हे आता आम्हा तिघांनाही माहीत होतं. "वाच काय ता," ते म्हणाले. मी वाचलं. वस्तू खराब निघाली. चुकीची वस्तू आली. चित्रात दाखवल्यासारखी नाही. आता गरज उरली नाही.

वडिलांनी किल्लीचा रिकामा खिसा चाचपला.

"शेवटचा ता लाव," ते म्हणाले.