पोकळ टिंबं

कापसाला सोन्याचा भाव आला आणि खरेदीसाठी एक गोरा साहेब अमरावतीत बंगला करून राहिला. तो दिवसभर रुईच्या गाठींत गुंतलेला, आणि बंगल्यात त्याच्या मडमेला घर खायला उठायचं. म्हणून फुलं घालायला येणाऱ्या मनकर्णा माळणीच्या मांडीवर तिनं आपली गिटार ठेवली. कागदावर पाच रेघा, रेघांवर टिंबं. कोणतं टिंब कोणत्या तारेवर कुठे, हे मनकर्णेनं मेटाकुटीला येऊन पाठ केलं. काही टिंबं भरीव आणि काही पोकळ का, ते शिकायच्या आधीच मडमेला तापानं धरलं.

अशात विलायतेहून मडमेच्या आईनं लिहून पाठवलेलं गाणं आलं. मडमेनं खुणेनंच वाजवायला सांगितलं. मनकर्णेचा एक सूर चुकला नाही. पण सगळे सारखेच, गळक्या मडक्यासारखे टप टप टप. गाणं काही होईना.

"बाई, काय चुकून राहिलं? सांगा ना मले!"

मडमेच्या तोंडून शब्द फुटेना. तिचं बोट तेवढं चादरीवर हलत होतं: एक ठोका, थांबून; मग दोन भरभर. पुन्हा तसंच. हुडहुडी भरली असेल म्हणून मनकर्णेनं तो हात गोधडीखाली घातला.

मडम गेली. साहेब सामान बांधत होता, तेव्हा मनकर्णेनं तो गाण्याचा कागद पुढे केला. "पोकळ टिंब म्हंजे काय जी?"

"सूर लांबवायचा. भरीव असलं की लवकर सोडायचा," साहेब म्हणाला, आणि त्यानं मेजावर बोटानं दाखवलं: एक ठोका, थांबून, मग दोन भरभर.