इंदुबाईची कोमट कुपी

खडकीच्या त्या दातांच्या दवाखान्यात पेशंट यायचे ते खरं तर इंदुबाईच्या हाताच्या भरवशावर. टोचायच्या डॉक्टर नीरजा. पण भुलीच्या औषधाची कुपी मुठीत धरून कोमट करायची, हिरडीला आधी बधिर करणारं मलम लावायचं, सुई शिरताना गाल चिमटीत धरून हलवत राहायचं, ही कामं इंदुबाईची. शिवाय सुईच्या आधी ती पेशंटला डोळे मिटून आपल्या घरात शिरायला लावी आणि काय दिसतं ते विचारी. माणूस घरात रमला की धास्ती निम्मी होई.

'दुखणार नाही' एवढं मात्र तिनं कधी कुणाला म्हटलं नाही. वाघोलीच्या घरात तापानं फणफणलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, मुक्ताईला, तिनं तसं सांगितलं होतं. सुई टोचताच पोर किंचाळली, 'खोटारडी!' म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. पहाटे गेली ती तशीच. पुढे त्या जागेवर बिल्डरची इमारत उठली.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर कंपनीतला शुभंकर अक्कलदाढ काढायला आला. राहायला वाघोलीत. इंदुबाईनं इमारत विचारली. तीच निघाली.

"काकू, मला नीडलची जाम भीती वाटते."

"डोळे मिटा. दारातून आत जा. काय दिसतं?"

"हॉल. टीव्ही. शूज पडलेत." तो अडखळला. "कोपऱ्यात एक मुलगी आहे. भिंतीकडे तोंड करून."

"घरात लहान कोण आहे तुमच्या?"

"कुणीच नाही. मी एकटाच राहतो."

इंदुबाईची मूठ कुपीवर आवळली गेली.

"इंदुबाई, अंडं उबवताय का?" डॉक्टर म्हणाल्या.

त्या मुलीला हाक मारावी, असं तिला फार वाटलं. पण पोरगा घामानं भिजला होता. तिनं कुपी दिली, त्याचा गाल धरला. "मुंगी चावेल," ती म्हणाली. औषध थेंबाथेंबानं गेलं. शुभंकर हललासुद्धा नाही. डॉक्टर एक्स-रे आणायला आत गेल्या.

"ती आहे अजून?" इंदुबाईनं हळूच विचारलं.

"हो." त्याची जीभ जड झाली होती. "विचारतेय, वळू का?"

वीस वर्षं जिच्यासाठी झुरली, त्या पोटच्या पोरीला इंदुबाई भ्याली. तरी म्हणाली, "वळ गं, मुक्ते."

शुभंकरचे डोळे मिटलेलेच होते. तोंड मात्र हळूहळू तिच्याकडे वळलं, आणि इंदुबाईनं त्याच्या गालावरचा हात काढला नाही.