विश्वेश्वरचा कौल

पाटोद्याच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये विश्वेश्वर टायपिंग शिकायला आला आणि फुटबॉल मॅनेजरच्या गेमला चिकटला. त्याच्या हृदयाची झडप लहानपणीच खराब झाली होती, त्यामुळे दिवसभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं, एवढंच त्याचं जगणं. पडद्यावरचा संघ मात्र तो नव्वद मिनिटं पळवायचा. समोरच्याला त्याच्याच गोलपाशी गाठायचं आणि चेंडू हिसकावायचा, श्वास घेऊ द्यायचा नाही.

"दमतेत बे ती पोरं. जरा मागं घे," मी म्हणायचो.

"मागं बसायला मी हाय की."

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्याच्या आईने, दानम्माकाकूंनी, देवाला कौल लावला. तो उजवा आला, तरी विश्वेश्वरची भीती जाईना.

"माझा कौल हितं," तो कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाला. "फायनलला पोरं शेवटपर्यंत पळून जिंकली, तर जातो पुण्याला."

ऐंशीव्या मिनिटापर्यंत त्याचा संघ एका गोलने पुढे होता. मग खेळाडूंचा दम संपला आणि पाठोपाठ दोन गोल बसले.

"आरं, ह्यात आकडे कसेबी पडतेत. जुनी फाईल उघड, परत खेळ," मी विनवलं.

"कौल दोनदा लावतेत का बे?" हसत त्याने हरलेला सामना सेव्ह केला आणि घरी निघाला.

पुण्याला तो गेलाच नाही. दिवाळीच्या तोंडावर गल्ल्यावरच वारला.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. विश्वेश्वरची मांडी घालताना दानम्माकाकू म्हणाल्या, "जल्मभर बसूनच होतं रे माझं लेकरू."