ओढायचं औषध

आईच्या दम्याचा मला वैताग यायचा. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. अडुळशाचा काढा झाला, गोळ्या झाल्या, पाथर्डीच्या दवाखान्यातली सुई तर ठरलेलीच. सुईनं दोन दिवस बरे जायचे, मग छातीत पुन्हा शिट्ट्या सुरू.

नव्वदच्या दशकात मी तालुक्यातल्याच एका शाळेवर मास्तरीण म्हणून लागले आणि हट्टानं तिला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॅप्सूल दिल्या आणि एक छोटं प्लास्टिकचं यंत्र. कॅप्सूल त्यात घालायची, फिरवून फोडायची आणि आतली पावडर तोंडानं जोरात ओढायची. औषध पोटात नाही, छातीत जायला हवं, असं ते म्हणाले. आईनं मान डोलावली. 'समजलं का?' म्हटल्यावर न समजलेला वर्गही अशीच मान डोलावतो, हे मला तरी कळायला हवं होतं.

शनिवारी घरी आले की मी विचारायचे, "औषध घेतेस ना?"

"घेते की. सकाळ-संध्याकाळ."

आई खोटं बोलायची नाही. तरी दम काही हटेना. मग मी पथ्यावर घसरायचे. ताक कशाला पितेस, चुलीपुढं कशाला बसतेस. "तुलाच बरं व्हायचं नाही," असंही एकदा बोलून गेले. ती भाकरी थापत बसली.

बाजरीच्या मळणीला भुसकटानं घात केला. रविवार होता, भर दुपार. आई खळ्याच्या कडेला बसली ती उठेचना. हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ निळे. वडील जीप बघायला पळाले. मी घरातून यंत्र आणलं. ते उघडलं तर नवंकोरं, आत पावडरीचा कणही नाही. कॅप्सूल मात्र अर्ध्याहून जास्त संपलेल्या.

"आई, या कॅप्सूल तू कशा घेतेस?"

"पान्यासंगं... गिळते."

"अगं, ओढायच्या होत्या!"

बाजेवर आजोबा बसले होते, बोटांत बिडी. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तशातही डोक्यावरचा पदर सावरला.

"मामंजींम्होरं... बाईमानसानं... वढायचं व्हय?"

ओढणं म्हणजे आमच्याकडे बिडी, नाहीतर चिलीम. मी त्याच घरात वाढलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आजोबांनी बिडी विझवली. "वढ पोरी, वढ. मी बघत न्हाई," म्हणाले आणि उठून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी कॅप्सूल फोडून यंत्र तिच्या ओठांत दिलं. "जोरात, आई. अजून जोरात." तिनं डोळे मिटून जीव एकवटला. पण ओढायलाही श्वास लागतो, आणि तोच तिच्यापाशी नव्हता. पावडर होती तिथंच राहिली. मी दुसरी फोडली, मग तिसरी. मला तेवढंच येत होतं.

जीप आली तेव्हा घाई उरली नव्हती. वडील आईपाशी मटकन बसले. आजोबा अजून पाठ करूनच उभे होते. आता वळलात तरी चालेल, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.