टायरवरचे चार आकडे
नव्या रबराचा वास आला की मला पौडमधलं टायरचं दुकान आठवतं. वडिलांचा कॅन्सर तेव्हा बळावला होता आणि दर आठवड्याला मी त्यांना गाडीने पुण्याच्या दवाखान्यात नेत होतो. पुढचे टायर गुळगुळीत झाले होते. दुकानदाराने स्वस्तातली जोडी काढली. मी हो म्हणणार तोच वडील स्टुलावरून कष्टाने उठले. त्यांची हयात ट्रक चालवण्यात गेली होती. टायरच्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे चार आकडे बघ, टायर कवा बनला त्याचे. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. ह्यो चार वर्षं पडून हाय. रबर कडक झालंय, पावसात रस्ता धरायचा न्हाई." दुकानदाराने निमूटपणे दुसरे आणले. "हे किती चालतील?" मी विचारलं. "पाच वर्षं बघायला नको," तो म्हणाला. वडील माझ्याकडे वळले. "म्हंजी पुढच्या येळंला तुलाच बघावं लागंल. नीट ध्यानात ठेव." मी मान हलवली. दोन महिन्यांत ते गेले. काल गॅरेजवाला म्हणाला की टायर पार झिजलेत, लगेच बदला. वडील असते तर माझ्यावर रागावले असते, तरी माझ्याने अजून ते काढवत नाहीत.