चिखलीची गवळण आणि पहिल्या बाजूवरचं कुंकू

चिखलीला जायचं, हे मामाने ठरवलं ते भांडणाच्या भरात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात होते आणि माझ्या मामाला ग्रामोफोनचं वेड होतं. वेड म्हणजे काय, तर दर गाण्याला नवी सुई, आणि तबकडीला कुणाचं बोट लागलं तर घरात अबोला. जुन्या बाजारात त्याला एका गवळणीची तबकडी सापडली होती, दोन बाजूंना अर्धी-अर्धी. गायक चिखलीचे कोंडिबा बुवा. चाल अशी की अंगावर काटा यावा, पण आवाज पातळ, खरखरीत, जणू कुणी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गातंय. मित्र म्हणाले, गाणाराच सुमार. मामा म्हणाला, छे, रेकॉर्डिंगवाल्यांनी माती केली. एकाच कंपनीची एक तबकडी मधासारखी वाजते आणि दुसरी कानात खडे ओतते, याला जबाबदार कोण? वाद विकोपाला गेला तेव्हा मामाने फर्मान काढलं, "त्या खोलीत जो उभा राहून गायला, त्यालाच विचारू."

सकाळच्या गाडीने निघालो. चिंचवडपर्यंतचं तिकीट काही आण्यांत येई. खिडकीतून धूळ यायला नको म्हणून मामाने सोबत घेतलेल्या ग्रामोफोनच्या पेटीवर माझी शाल पांघरली. थंडी मला वाजत होती, पेटीला नव्हे, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. पिंपरीजवळ रुळांलगत कसल्याशा कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. बाकी माळ आणि बाभळी. चिंचवडला गरम भजी खाल्ली आणि पुढे बैलगाडी केली. आज त्या बाजूला वर्कशॉप आणि सोसायट्यांची इतकी दाटी आहे की तुम्हाला सांगून पटणार नाही. तेव्हा चाकोरी सोडली तर रस्ता असा नव्हताच.

"पेटीत काय हाय, भाऊ?" गाडीवानाने विचारलं.

"गाणं," मामा म्हणाला.

"मंग दमानं हाकतो. सांडायचं न्हाई तर."

बुवा अंगणात दोरखंड वळत बसले होते. साठीचे, उंचपुरे. "या की!" एवढंच म्हणाले आणि गोठ्यातल्या गाईने मान वळवली. मामा माझ्या कानात कुजबुजला, "या छातीतून तो आवाज? शक्यच नाही!"

त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, बाजरीची भाकरी, पिठलं आणि चाकणच्या बाजारातला कांदा वाढला. तसं पिठलं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. जेवताना बुवांनी तीस वर्षांपूर्वीच्या, मुंबईतल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीबद्दल सांगितलं. भिंतींना जाड पडदे, आवाज नको म्हणून पंखा बंद. "लाल दिवा लागला की गायचं, इझला की गप. माणूस न्हाई, काणूस न्हाई. पडद्याला काय गाऊन दाखवायचं?" कंपनीने त्याच गवळणीच्या दोन तबकड्या दिल्या. एक पाटलांच्या यंत्रावर साऱ्या गावासमोर लागली. बुवांनी स्वतःला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून ते भजनात मागे बसून नुसते टाळ वाजवत. तोंड उघडलं नव्हतं.

मामाने आपली तबकडी लावली. नवी सुई, पण आवाज तोच. बुवांची मान खाली गेली. "ह्योच. ह्योच माझा गळा. कंपनीला नावं ठिवू नका, दादा."

"पाटलांच्या यंत्राला सुई कुठली होती?" मामाने विचारलं.

"येकच होती. बोथट झाली की विळ्याच्या दगडावर घासायची."

मामा कपाळावर हात मारून ओरडलाच, "अहो, नांगर फिरवलात की तबकडीवर! माझीही कुणीतरी अशीच खरवडली असणार!"

"पुण्याची सुई हितं कोन आणून देनार व्हतं?" सगुणाबाईंनी शांतपणे विचारलं. मामाने हळूच विचारलं, "आणि दुसरी तबकडी?"

दुसरी देव्हाऱ्यात होती, देवांच्या टाकांशेजारी. दर दसऱ्याला कोयत्या-नांगराबरोबर तिचीही पूजा होई. वाजली मात्र एकदाही नव्हती.

"ती लावायची न्हाई," बुवा म्हणाले. "ती बी अशीच निघाली तर? मंग सुईचं बी नाव घ्याया जागा उरायची न्हाई."

सगुणाबाई उठल्या. "लगीन झालं तवापासून तुमचा गळा आयकलाय मी. पूजा मी केली, आता लावायचं बी मीच ठरवनार." त्यांनी तबकडी आणून मामाच्या हातात दिली.

आम्ही पाहतच राहिलो. पहिल्या बाजूवर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू आणि तेल थापून बसलं होतं, एकूण एक रेघ बुजलेली. आयुष्यात पहिल्यांदा मामा कुणाला बोलला नाही. त्याने तबकडी उलटी केली. दुसरी बाजू काळीभोर, आरशासारखी.

"पण गवळण मधनंच कशी सुरू करायची?" सगुणाबाई म्हणाल्या. "आदुगरचं कोन म्हननार?"

बुवांनी एकदा त्या कुंकवाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग डोळे मिटले आणि गायला लागले. आवाज आधी चिरकला, अडखळला, आणि मग उघडला. घरातलं भांडं न् भांडं घुमत होतं. लाल दिवा जिथे विझला होता त्याच शब्दावर ते थांबले आणि मामाने सुई टेकवली. पुढची ओळ तिशीतल्या कोंडिबांनी उचलली. भरदार, स्वच्छ, अगदी शेजारी बसून गावं तशी. एकाच माणसाचे दोन आवाज, मधे सारा संसार, आणि सांधा कुठे दिसेना. सगुणाबाई पदराआड रडत होत्या. बुवा डोळे विस्फारून म्हणाले, "म्या न्हाई बिघडवलं, सगुणा."

"मी कवा म्हनलं व्हतं?" त्या म्हणाल्या.

निघताना मामाने आपली सुयांची डबी त्यांना दिली. सगुणाबाईंनी ती लगेच देव्हाऱ्यात ठेवली. "अहो, तिथे नको, वापरा!" मामा दारातून ओरडला, तेव्हा बुवा पोट धरून हसले.

परतताना मोशीच्या रस्त्याने आलो आणि चाकणहून कांद्याची पोती लादून येणारी एसटी धरली. तुम्ही आज जाणार असाल तर बस सरळ गावात नेते. पुण्यात मित्रांनी विचारलंच, "मग, चूक कुणाची?" एरवी तासभर बोलला असता तो मामा म्हणाला, "सगळ्यांची. थोडी प्रेमाचीसुद्धा."

आता नात मला कानात घालायची बटणं देते आणि म्हणते, आजी, बघ काय क्लिअर आहे! आहे खरंच. पण मला मामा आठवतो. ती जुन्या बाजारातली गवळण तो पुढेही ऐकायचा, मात्र पहिली बाजू कधी लावली नाही. तेवढा वेळ यंत्र उघडं ठेवून डोळे मिटून बसायचा, आणि मनातल्या बुवांचं गाऊन झालं की दुसरी बाजू लावायचा.