भिंतीकडं तोंड करणाऱ्या नर्सबाई

साऱ्या बालाघाटाच्या डोंगरात कुणाच्या पोटात काय आहे, हे महादेवाच्या खालोखाल ठाऊक असेल तर ते आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना. बाई धारूरकडच्या. पायात पुरुषी बूट, काखेत बाराही महिने छत्री आणि भेटेल त्याला पहिला प्रश्न, "पोट साफ हाय का?" एकदा भर ग्रामसभेत त्यांनी सरपंचांनाच हे विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसल्या नाहीत. जिथं उन्हाळ्यात पत्र्याला हात लागला तर फोड येतो, तिथं त्या लोकरीचं स्वेटर विणायच्या. वीतभर झालं की उसवायच्या आणि पुन्हा सुरू. केंद्राबाहेर एक स्टूल होतं. दाखवायला आलेली बाई आत गेली की तिच्या नवऱ्यानं, नाहीतर सासूनं त्यावर बसायचं. आत दुसऱ्या कुणाला प्रवेश नव्हता.

दुकानांतून शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नव्यानं लटकायला लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. आमचंही किराणा दुकान होतं. मी सव्वीस वर्षांची, दोन लेकींची आई आणि दहावी पास असल्यामुळं स्वतःला गावात सगळ्यांत शहाणी समजणारी. दुसरीच्या वेळी मी मरता मरता वाचले होते. लगेच तिसरं राहिलं तर आपण उरत नाही, एवढं मात्र खरंच कळत होतं. म्हणून सासूबाईंच्या नकळत नर्सबाईंकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि हिंगाच्या डबीत लपवल्या.

दोन महिन्यांत माझी पार दशा झाली. मळमळ, छाती जड, अधूनमधून रक्त जायचं. ते दिसलं की चूल बंद, देवघर बंद. महिन्यातले निम्मे दिवस मी बाजूला बसलेली, आणि सासूबाई संशयानं बघतायत. वर अर्धं डोकं ठणकायचं, त्याआधी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. हा हिंगाच्या वासाचा परिणाम, असं माझं शास्त्रशुद्ध मत होतं.

शेवटी गेले. गोळी रोज न चुकता घेतेस ना, असं नर्सबाईंनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, सोमवार सोडून. सोमवारी माझा उपास असतो आणि गोळीला साखरेचा लेप, ती उपासाला कशी चालेल? मंगळवारी दोन घेते की.

"महादेवानं सांगितलं व्हय गं तुला?" बाई म्हणाल्या. "सोमवारी उपाशी, मंगळवारी दोन-दोन. मग रगत न्हाई जाणार तर काय व्हईल?"

पण काजव्यांचं ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं. रक्त जाणं माझ्या शहाणपणामुळं असेल, हे काजवे मात्र वेगळे. अशी डोकेदुखी असणाऱ्या बाईनं ही गोळी घ्यायचीच नाही, मेंदूला धोका असतो, असं सांगून त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि वडवणीच्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली.

मग टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. निरोधची पाकिटं, पिशवीत बसवायची तांबी आणि ऑपरेशनच्या शिबिराचा कागद. निरोध नवऱ्याच्या मनावर. ऑपरेशन कायमचं. तांबीनं सुरुवातीचे काही महिने रक्त जास्त जाईल, पोटात दुखेल, पण डोक्याशी तिचा संबंध नाही आणि नकोशी झाली की काढता येते. शिबिराला त्या महिन्यात त्यांना एक बाई कमी पडत होती आणि वरचे साहेब त्यावरून फाडून खात होते, हे गावाला ठाऊक होतं. मी म्हणाले, "तुम्हीच सांगा ना बाई."

त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडं तोंड केलं आणि विणायला लागल्या. "आंग तुजं हाय. मी तुज्याकडं बघत बसले, तर तू माज्या तोंडाकडं बघून ठरवशील."

सुया वाजत राहिल्या. माझी शाळा कधी सुटावी, सोयरीक कुठं व्हावी, पातळ कोणत्या रंगाचं, सगळं आजवर दुसऱ्यांनी ठरवलेलं. एवढी शहाणी मी, पण त्या टेबलापुढं पाकीट उचललं, ठेवलं; कागद उचलला, ठेवला. शेवटी मी तांबी उचलली.

पोट दुखलंच, पण आधी सांगितलेलं असल्यामुळं घाबरले नाही. काजवे हळूहळू कमी झाले. चार वर्षांनी माझ्याच मनानं ती काढून घेतली आणि धाकटा झाला. तेव्हा केंद्रात दुसऱ्याच बाई होत्या. आमच्या बाईंची बदली कधीच झाली होती. त्या कमी पडलेल्या एका बाईमुळं की कशामुळं, ते कुणी सांगितलं नाही.

परवा धाकट्याची बायको गोळ्यांनी बेजार होऊन माझ्याजवळ बसली. डॉक्टरांनी तिला दोन-तीन मार्ग सांगितलेत. "आई, तुम्हीच सांगा," म्हणाली. माझ्या जिभेवर लई काही आलं होतं. मी खुर्ची फिरवली. विणता काही मला येत नाही, म्हणून रिकामे हात मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसले.